शिक्षणाच्या नाण्यातली मजुरी



अमेरिकेतल्या कॉलेजी खेळाडूंच्या लिहिण्या-वाचण्याशी कामगार चळवळीतल्या माणसाचा काय संबंध, असे कुणी विचारील. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. मला हा प्रश्न मजुरीचा दिसला, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

१९५५ साली कोलोराडोत रे डेनिसन हा विद्यार्थी कॉलेजतर्फे फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेजी खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द अशा दाव्यांच्या धास्तीने रूढ केला, हे तिचे तेव्हाचे मुख्य अधिकारी वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली स्वतःच्या पुस्तकात सांगून टाकले. प्रेक्षागार भरवणाऱ्या पोराला तेव्हा पगार नव्हता; फी, जेवणखाण आणि शिक्षण. शिक्षण हेच वेतन ठरले, तर ते खऱ्या नाण्यात मिळाले का, हे पाहायला नको?

डेक्स्टर मॅन्ली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे खेळला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नावाजला. १९८९ साली सेनेटच्या समितीपुढे त्याने रडत कबूल केले, की कॉलेज संपले तरी मला वाचता येत नव्हते. त्याला अध्ययन-अक्षमता होती. बुद्धी शाबूत, पण अक्षर मनात ठरत नाही, अशी ही अडचण. तिचे इंग्रजी नाव १९६३ साली सॅम्युएल कर्क यांनी शिकागोच्या सभेत रूढ केले. आमच्या युनियनमध्ये एक फिटर होता. पंप डोळे मिटून जोडील, पण नोटीस हाती दिली की म्हणे, “चष्मा घरी राहिला.” आम्ही वर्षानुवर्षे हसलो. त्याला चष्मा नव्हताच.

अशांसाठी कायदा झाला तो १९७३ साली. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगत्वामुळे कुणाला डावलू नये, असे त्याचे कलम ५०४. पण नियमांवर सही होईना. एप्रिल १९७७ मध्ये अपंगांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत तीन आठवड्यांवर ठिय्या दिला, चाकाच्या खुर्च्यांसकट. तेव्हा सही झाली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, वाचून दाखवणारा, यांना आधार मिळाला तो या लढ्यातून. यांना कुणी सवलत म्हणते, ते मला पटत नाही. फिटरला पाना देणे ही काय सवलत?

खेळाडूच्या वाट्याला मात्र हा पाना दोन्हीकडून वाकडा आला. १९८६ पासून एनसीएएने प्रवेशासाठी ठराविक विषय आणि परीक्षेतले गुण आवश्यक केले. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळेने चालवलेले वर्ग ती अनेकदा धरीतच नसे. मुले न्यायालयात गेली. अखेर १९९८ साली केंद्राच्या न्यायखात्याशी तडजोड करून एनसीएएला नियम बदलावे लागले.

दार असे उघडले. आत काय चालले होते? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा चौकशी अहवाल २०१४ साली आला. अठरा वर्षे तिथे असे वर्ग चालले की हजेरी नाही, प्राध्यापक नाही, एक निबंध दिला की भरपूर गुण. ३,१०० हून अधिक विद्यार्थी त्यांत होते, आणि या वर्गांतल्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्या खेळाडूंच्या. खेळाडूंना वाचन शिकवायला नेमलेल्या एका बाईंनीच याला वाचा फोडली होती. ज्याला अक्षर लागत नाही त्याला शिकवायला वेळ लागतो, आणि खेळाडूचा वेळ प्रशिक्षकाच्या मालकीचा. त्यापेक्षा गुण देणे स्वस्त. गरजेच्या खऱ्या सोयीकडेही लोक मग संशयाने पाहू लागतात, याचा मला अधिक राग येतो.

केव्हिन रॉस हा क्रेटन विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. चार वर्षांनंतर त्याचे वाचन शाळकरी मुलाइतके होते. १९८२ साली तो शिकागोत मार्व्हा कॉलिन्स यांच्या शाळेत लहान मुलांबरोबर बसून शिकला. पुढे त्याने विद्यापीठावर दावा लावला. शिक्षण वाईट दिले म्हणून दावा चालणार नाही, असे अपील न्यायालयाने १९९२ साली सांगितले. मात्र शिकवण्याची कबूल केलेली मदत मुळीच दिली नसेल, तर तो करारभंग होईल. क्रेटनने ३०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले.