कानातला आवाज राहतो कुठे?

मंडळी, बाहेर काही वाजत नसताना कानात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांची किर्र चालू राहते, तिला आपण कर्णनाद म्हणतो. डॉक्टर टिनिटस म्हणतात. दुखणं जुनंच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजले आहेत, त्यांत प्रणाद आहे आणि क्ष्वेड वेगळा आहे. माधवनिदानात तर भेरी, मृदंग, शंख असे आवाजच सांगितले आहेत. कारण काय? वात बिघडून शब्द वाहणाऱ्या स्रोतसांत शिरतो. म्हणजे बिघाड कानात, आणि उपायही त्याच बिघाडावर.

उपायाची दुसरी वाट ग्रीकांकडे दिसते. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या 'प्रॉब्लेम्स' या ग्रंथात प्रश्न आहे, की बाहेर आवाज केला की कानातली गुणगुण का थांबते? मोठा आवाज लहानाला हटवतो, म्हणून. पॅरिसच्या इतार यांनी 1821च्या ग्रंथात याचीच चिकित्सा केली. (रानात सापडलेल्या व्हिक्टरला शिकवणारे इतार ते हेच.) कानात घरघर असेल तर पाणचक्कीजवळ राहा, फुसफुस असेल तर शेगडीत ओली लाकडं जाळा! हसू येतं खरं. पण 1970च्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी कानात बसवायचे मास्कर आणले, त्यामागे हाच विचार होता.

पण आवाज कानातच असतो का? 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यांतल्या 94 टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. पुढे 1981 साली हाऊस आणि ब्रॅकमन यांनी गाठीच्या शस्त्रक्रियेत श्रवणनाडी कापलेल्या रुग्णांची माहिती दिली. बऱ्याच जणांचा आवाज थांबला नव्हता, काहींचा तर वाढला होता. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे देकार्त आठवतो. हात-पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या अवयवात वेदना होते, हे त्याने 1641च्या 'मेडिटेशन्स'मध्ये लिहून ठेवलं आहे.

मग प्रश्नच बदलला. आवाज पुष्कळांना येतो, छळतो मात्र काहींनाच, असं का? 1984 साली हॅलम आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की बहुतेकांच्या मनाला त्याचा सराव होतो, काहींचा तो अडतो. 1990 साली यास्त्रेबॉफ यांनी मेंदूच्या अंगाने मांडणी केली. मेंदूने आवाजाला धोका ठरवलं की लक्ष तिथेच खिळतं, झोप जाते, भीती वाढते, आणि त्याने आवाज आणखी जाणवतो.

आता आमची तक्रार. रुग्णाला सांगतात, "याला औषध नाही, सवय करून घ्या," आणि पुढचा पेशंट बोलावतात. अहो, सवय कशी करायची, हीच तर चिकित्सा आहे! संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीने आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो. अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2014च्या मार्गदर्शिकेने ती सुचवली, आणि जिंकोसारख्या गोळ्या नकोत म्हटलं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा. बाहेरचे आवाज परत आले की आतला पुष्कळदा मागे पडतो. रात्री अगदी शांतता नको. पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. आणि ऐकणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जा, तिथे थांबून चालत नाही.

आता प्रश्न असतील तर विचारा. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने.