हे खरे आहे काय?

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची यादी तुम्ही कधी वाचली आहे का? नसेल तर एखाद्या रविवारी वाचून बघा. तिची भाषा एकदा कानात बसली की विसरता येत नाही. प्रश्न साधारण असा असतो:

(१) अमुक तालुक्यातील तमुक धरणाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, त्यानुसार कोणती कारवाई केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आणि उत्तर: (१) अंशतः खरे आहे. (२) चौकशी करण्यात येत आहे. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

हसू येतं ना? मलाही यायचं. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा सगळा प्रकार फार ओळखीचा वाटायला हवा. "असल्यास" आणि "नसल्यास" म्हणजे सरळ सरळ इफ-एल्स! प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराच्या दोन्ही वाटा आधीच अडवून ठेवल्यात. हो म्हणालात तर पुढे काय केलंत ते सांगा, नाही म्हणालात तर का नाही ते सांगा. ही भाषा रुक्ष आहे कारण ती शंभरेक वर्षं सरकारी पळवाटांशी झटापट करून घडली आहे. त्या झटापटीचा इतिहास मला फार रंजक वाटतो, म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात करू या इंग्लंडपासून, कारण ही पद्धत तिथली. १७२० साली साऊथ सी कंपनीचा फुगा फुटला. हजारो लोक बुडाले. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला. १७२१ च्या फेब्रुवारीत लॉर्ड काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात सरकारला विचारलं की नाइट पकडला गेल्याची बातमी ऐकतो आहोत, ती खरी आहे का? ब्रिटिश संसदेत मंत्र्याला विचारलेला हा पहिला नोंदलेला प्रश्न मानतात. म्हणजे बघा, पहिलाच प्रश्न घोटाळा करून पळालेल्या माणसाचा, आणि त्याचाही सूर "हे खरे आहे काय?" असाच. तीनशे वर्षांत फार काही बदललेलं नाही :)

आता आपल्याकडे. १८५३ च्या चार्टर कायद्यानंतर कलकत्त्याला गव्हर्नर जनरलची एक बारा जणांची विधान परिषद सुरू झाली. सगळे सरकारीच लोक, एकही भारतीय नाही. पण गंमत अशी की या सभासदांनी परिषदेला छोटी पार्लमेंट समजून कामकाज सुरू केलं. नियम केले, सरकारला प्रश्न विचारू लागले, कागदपत्रं मागू लागले. टिपूच्या वंशजांना द्यायच्या पैशांबद्दलचा पत्रव्यवहार त्यांनी मागितला तेव्हा वरचे साहेब चांगलेच वैतागले. परिणाम काय? १८६१ चा कायदा आला आणि परिषदेचं काम फक्त कायदे करण्यापुरतं उरलं. प्रश्न बंद!

इंग्रजांनी इंग्रजांनाच प्रश्न विचारले, तेही सरकारला सोसवले नाहीत. प्रश्न ही वस्तू किती बोचरी असते त्याचा हा पुरावा समजा.

हा हक्क परत मिळाला तो ३१ वर्षांनी, १८९२ च्या कायद्याने. मागे काँग्रेसचा रेटा होता. पण हक्क कसला? आधी लेखी सूचना द्यायची, उत्तर मिळेल ते मुकाट्याने ऐकायचं, त्यावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. वरच्या परिषदेत पहिला प्रश्न १८९३ च्या फेब्रुवारीत भिंग्याच्या राजांनी विचारला. विषय होता: साहेब लोक दौऱ्यावर गेले की त्यांच्या छावणीला शिधासामग्री पुरवताना गावच्या दुकानदारांचे जे हाल होतात त्याचा. राज्यघटना नाही, स्वराज्य नाही. एका सरकारी खात्याच्या वागण्यामुळे सामान्य माणसाला होणारा त्रास, बस. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लेखी प्रश्नाचा हा पिंड आजतागायत तसाच आहे.

पुढे १९०९ मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारायची मुभा मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती सगळ्याच सभासदांना मिळाली. म्हणजे "उत्तर दिलं, विषय संपला" इथपासून "उत्तर दिलं, आता खरी मजा" इथपर्यंत यायला सव्वीस-सत्तावीस वर्षं लागली.

आता थोडं यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. लोकसभेत प्रश्न दोन मुख्य प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नाही. प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी लेखी द्यावी लागते. सूचना ढिगाने येतात, म्हणून सोडत काढतात. रोजच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित. तासाभरात वीसपैकी पाच-सहाच्या पुढे गाडी क्वचितच जाते, उरलेल्यांची उत्तरं लेखीच पटलावर ठेवली जातात. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो आरडाओरडा. खरं कामकाज कागदावर होतं आणि ते कुणी बघत नाही.

एक प्रश्न खात्यात जाऊन पडला की काय होतं? दिल्लीहून राज्याकडे, मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलदाराकडे, अशी माहितीची मागणी उतरत जाते आणि उत्तर तसंच चढत येतं. मसुदा कक्ष अधिकारी करतो, वरचे सुधारतात, शेवटी मंत्री मान्य करतो. अधिवेशन म्हटलं की बाबू लोकांच्या रजा अवघड का होतात ते यावरून कळेल. रिलीजच्या आठवड्यात आमचीही हीच अवस्था असते. मुद्दा असा की जी फाईल वर्षभर कुणी उघडली नव्हती ती त्या एका प्रश्नामुळे पाच टेबलांवर उघडली जाते. उत्तर "अंशतः खरे आहे" एवढंच आलं तरी ते लिहिण्याआधी खात्यात कुणाला तरी खरं काय ते शोधावं लागलेलं असतं. आणि एकदा लिहिलं की ते छापील रेकॉर्ड. खोटं निघालं तर हक्कभंगाची तलवार डोक्यावर.

या यंत्राने स्वतंत्र भारतात पहिली मोठी शिकार केली ती १९५७ साली. १९५६ मध्ये खाजगी विमा कंपन्या ताब्यात घेऊन सरकारने एलआयसी स्थापन केली. तुमच्या-आमच्या आजोबांचे हप्ते तिथे जमा व्हायला लागले. जून १९५७ मध्ये या एलआयसीने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या सटोडिया उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. मुंदडा तेव्हा गळ्यापर्यंत अडचणीत होता. व्यवहार थेट त्याच्याशी झाला आणि गुंतवणूक समितीला आधी विचारलंच नाही. त्यातल्या कंपन्यांमध्ये जेसॉप आणि रिचर्डसन अँड क्रुडास अशी जुनी नावं होती.

सप्टेंबर १९५७ मध्ये खासदार राम सुभग सिंग यांनी लोकसभेत याबद्दल प्रश्न विचारला. उत्तर आलं ते हात झटकणारं. नोव्हेंबरअखेर पुन्हा प्रश्न. पुन्हा उत्तर समाधानकारक नाही. पण आता सरकारची दोन उत्तरं रेकॉर्डवर होती, आणि समोर होते फिरोज गांधी. पंतप्रधान नेहरूंचे जावई, रायबरेलीचे खासदार आणि सत्ताधारी काँग्रेसचेच! डिसेंबरात त्यांनी उत्तरांतल्या विसंगतीवर बोट ठेवून आकडेवारीसकट असं भाषण केलं की सरकारला चौकशी टाळता येईना.

पुढचा अंक मुंबईत घडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग जानेवारी १९५८ मध्ये नेमला गेला. सुनावणी उघड, गर्दी तुफान. बडे सचिव आणि खुद्द अर्थमंत्री साक्षीला. फेब्रुवारीत अहवाल तयार! (हे वाक्य मी दोनदा वाचलं. आजकालच्या आयोगांच्या मुदतवाढी आठवा.) छागलांनी म्हटलं की सचिवांनी जे केलं त्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला.

आता कुणी म्हणेल, मंत्री पाडला तो फिरोज गांधींच्या भाषणाने आणि छागलांच्या अहवालाने, प्रश्नाने नव्हे. बरोबर आहे. पण मंत्र्याच्या सहीची ती उत्तरं आधी रेकॉर्डवर नसती तर भाषणाला पकडायला काय होतं? नुसती वर्तमानपत्री कुजबुज. डीबगिंग करताना लॉग फाईल जे काम करते तेच काम इथे उत्तरांनी केलं. लॉग स्वतः बग दुरुस्त करत नाही. पण तो नसेल तर तुम्ही अंधारात चाचपडता.

या हत्याराची किंमत किती ते आणखी एका बाजूने कळतं. लोक त्यासाठी पैसे मोजतात! १९५१ मध्ये एच. जी. मुदगल या खासदाराने बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत तिचं काम केल्याचं सिद्ध झालं. त्याला काढून टाकायचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. २०२३ च्या डिसेंबरात महुआ मोइत्रा यांना काढलं गेलं, त्यात तर वादाचा मुद्दा प्रश्न दाखल करायच्या पोर्टलचं लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा होता. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. या प्रकरणांतली नैतिकता बाजूला ठेवून विचार करा: ज्या कागदाच्या तुकड्याने काहीच होत नाही, त्यासाठी कोण कशाला पैसे देईल?

मग सरकारं यावर काय उपाय करतात? पहिला उपाय, प्रश्नांचा तासच बंद. १९६२ च्या चीन युद्धात झाला, आणीबाणीत झाला, आणि सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनामुळे झाला. पण २०२० मध्ये अतारांकित प्रश्न चालू राहिले आणि त्या लेखी कागदांतूनच एक बोलकी गोष्ट बाहेर आली. लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नावर कामगार मंत्रालयाने १४ सप्टेंबरला लोकसभेत लेखी सांगितलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेने लेखी उत्तर दिलं की श्रमिक स्पेशल गाड्यांमध्ये प्रवासात ९७ लोकांचा मृत्यू झाला. एका मंत्रालयाकडे आकडा नाही, दुसऱ्याकडे आहे.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा, तो म्हणजे शब्द तोलून मापून वापरणं. जुलै २०२१ मध्ये आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची विशिष्ट नोंद राज्यांनी कळवलेली नाही. भारतीताई तेव्हा दिंडोरीच्या खासदार, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या. आणि त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले होते. वाक्य परत वाचा. मृत्यू झाले नाहीत असं त्यात म्हटलेलं नाही, राज्यांनी कळवलेलं नाही असं म्हटलं आहे. आणि राज्यांमध्ये तेव्हा वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती, म्हणजे न कळवण्यात सगळ्यांचाच हात. उत्तर "खरं" आहे आणि तरीही ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ते कसं वाटलं असेल याची कल्पना करवत नाही.

तिसरा उपाय सगळ्यात जुना: "माहिती संकलित करण्यात येत आहे." यावर संसदेने १९५३ मध्येच तोड काढली. शासकीय आश्वासन समिती स्थापन केली. "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" हे आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं. नाही झालं तर समिती मागे लागते. आमच्या भाषेत तिकीट बंद होत नाही, पेंडिंगमध्ये पडून राहतं. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. वर्षानुवर्षं पेंडिंग पडलेली तिकिटंही आहेत, पण निदान यादीत तरी आहेत.

आणि शेवटचा मुद्दा, तुमचा-आमचा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ मध्ये झाला तेव्हा त्याच्या आठव्या कलमात एक वाक्य घातलं होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! भिंग्याच्या राजाला जे मिळवायला १८९२ चा कायदा लागला ते साध्या अर्जावर तुमच्या हातात. ज्या उपकलमाला हे वाक्य जोडलेलं होतं नेमकं तेच उपकलम बदलण्याची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात केली गेली, आणि त्यावरून माहिती अधिकारवाले कार्यकर्ते अस्वस्थ का झाले ते आता तुमच्या लक्षात येईल. १८६१ ची आठवण आली मला तरी.

तर पुढच्या वेळी आपले आमदार मत मागायला आले की रस्ता, गटार, नळ हे सगळं विचाराच. पण जमलं तर हेही विचारा की गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती प्रश्न विचारले, कोणत्या खात्याला, आणि उत्तर काय आलं. हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर असतं. लोकसभेचं शोधायला सोपं, विधिमंडळाचं पीडीएफमध्ये जरा खोदावं लागतं. मी आमच्या मतदारसंघाचं खोदायला घेतलंय. तुम्हीही तुमच्याकडचं बघा आणि काय सापडलं ते कळवा.