तळघराच्या भिंतींचे उष्णतानिरोधन

इमारतीच्या जमिनीखालील भिंतींतून उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांवर उष्णतेच्या मंदसंवाहक द्रव्याचा थर बसविण्याच्या क्रियेस तळघराच्या भिंतींचे उष्णतानिरोधन म्हणतात. कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग येथे जुन्या तळघरांचे राहण्याच्या खोल्यांत रूपांतर करताना या क्रियेस विशेष महत्त्व आले. तेथील तिच्या विकासाचा आढावा येथे घेतला आहे.

पार्श्वभूमी : या प्रदेशांत हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून माती फुगते व उथळ पाया उचलला जातो. यामुळे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो आणि त्यासाठी केलेल्या खोदाईत तळघराची जागा आपोआप मिळते. प्रारंभी तेथे कोळसा, घर तापविण्याची भट्टी व साठवणीचे पदार्थ ठेवीत. भट्टीच्या उष्णतेने भिंती बऱ्याच अंशी कोरड्या राहत. वाया जाणाऱ्या उष्णतेचा विचार सहसा होत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या जागी तेल व वायू यांवर चालणाऱ्या आटोपशीर भट्ट्या आल्या आणि मोकळी झालेली जागा कुटुंबाच्या वापरात येऊ लागली.

निरोधक द्रव्ये : धातुमळीपासून तयार केलेली खनिज लोकर एकोणिसाव्या शतकापासून वापरात होती. १९३०–४० या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या लोकरीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. स्वीडिश अभियंते कार्ल मुंटर्स यांच्या एकस्वाचे हक्क मिळवून डाऊ केमिकल कंपनीने १९४० नंतरच्या दशकात पॉलिस्टायरिनाचे फेसाळ तक्ते बाजारात आणले. अशा ५ सेंमी. जाडीच्या तक्त्याचा उष्णतारोध २ मी.हून अधिक जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीइतका असतो.

तेलटंचाईनंतरचा काळ : १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाच्या किंमती काही महिन्यांत सु. चौपट झाल्या. अमेरिकेत १९७६ मध्ये अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांच्या घरांसाठी, तर कॅनडात १९७७ मध्ये जुन्या घरांच्या निरोधनासाठी शासकीय साहाय्य योजना निघाली. या घाईत काही चुकाही झाल्या. पोकळ भिंतींत भरण्यात येणाऱ्या यूरिया-फॉर्माल्डिहाइड फेसातून निघणाऱ्या वायूमुळे रहिवाशांच्या आरोग्याविषयी चिंता निर्माण झाली व १९८० मध्ये कॅनडाने त्यावर बंदी घातली.

आर्द्रतेचा प्रश्न : निरोधन केल्यामुळे मूळ भिंत थंड राहते व तिच्यावर बाष्पाचे पाणी होते. मिनेसोटा विद्यापीठातील एफ्. बी. रौली यांच्या १९३८ च्या सुमाराच्या संशोधनावरून निरोधकाच्या उबदार बाजूस बाष्परोधक पटल बसविण्याची पद्धत रूढ झाली. जमिनीवरील भिंतींना उपयुक्त ठरलेली ही पद्धत तळघरांनाही जशीच्या तशी लागू करण्यात आली. काँक्रीटवर लाकडी चौकट उभारावी, तीत काचतंतूंची लोकर भरावी आणि वर पॉलिएथिलिनाचे पटल ताणावे, असा प्रघात पडला. तथापि तळघराच्या भिंतीत मातीतील ओलही शिरते, नव्या काँक्रीटमधील पाणी सावकाश बाहेर पडते आणि उन्हाळ्यातील दमट हवेतील बाष्पाचे थंड काँक्रीटवर पाणी होते. पटलामुळे ही ओल आत कोंडली जाऊन लाकूड कुजले व बुरशी माजली. वरून नवी व स्वच्छ दिसणारी खोली त्यामुळे अनेक कुटुंबांना पुन्हा उकलावी लागली.

सुधारित पद्धती : निरोधक थर भिंतीच्या बाहेरून बसविल्यास काँक्रीट उबदार व कोरडे राहते. १९९०–२००० या दशकात ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा थरांची प्रत्यक्ष तळघरावर पाहणी केली. जुन्या घराभोवती पुन्हा खोदाई करणे मात्र खर्चाचे असते. म्हणून नूतनीकरणात फेसाळ तक्ते आतूनच काँक्रीटला घट्ट चिकटवितात व सांधे हवाबंद करतात, जेणेकरून खोलीतील हवा थंड पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. हे तक्ते ज्वलनशील असल्याने त्यांवर जिप्समाचे फलक बसवितात.

कोणतीही पद्धत निवडली, तरी आधी छपराच्या पन्हळींचे पाणी घरापासून दूर सोडणे, भोवतालच्या जमिनीस बाहेरच्या दिशेने उतार देणे व भेगा बुजविणे आवश्यक ठरते. ओल्या भिंतीवर केलेल्या निरोधनामुळे इंधन वाचले, तरी घराची हानी टळत नाही, हे गेल्या अर्धशतकाच्या अनुभवावरून स्पष्ट झाले आहे.