मशीन कोणी निवडलं? बुटांच्या कारखान्यांवरून संशोधनाच्या प्रश्नाविषयी

पेटच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय ठरलाय, पण संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?" व्याख्या देण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. समजा विषय असा आहे: चामड्याच्या कामासाठी कारखानदार शिलाई मशीन कसं निवडायचे?

विज्ञान शाखेतून इतिहासाकडे येणाऱ्या आपल्यासारख्यांना उत्तर सोपं वाटतं. चामड्याची जाडी, दोरा आणि मशीनची ताकद बघायची, त्यात बसेल ते मशीन घ्यायचं. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शोधायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जाऊ. तिथलं लिन हे शहर एकोणिसाव्या शतकात बुटांच्या धंद्याचं मोठं केंद्र होतं.

आधी तांत्रिक बाजू. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. चामड्यात तिला भोक पाडावं लागतं आणि ते भोक पुन्हा बुजत नाही. टाका उसवला तरी खूण राहते. टाके फार जवळजवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची रांग तयार होते आणि चामडं नेमकं तिथेच फाटतं. म्हणून चामड्याच्या सुईचं टोक कापणारं असतं आणि टाका लांब ठेवतात. शिवाय जाड थर नुसत्या खालच्या दात्यांनी नीट सरकत नाहीत. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. त्यामुळे वरूनही चामडं ओढणारं चाक किंवा चालणारा फूट लागतो.

बुटात आणखी एक अडचण आहे. इलायस हाव यांना शिलाई मशीनचं पेटंट १८४६ साली मिळालं आणि १८५० च्या दशकात लिनमध्ये बुटाचा वरचा, पातळ चामड्याचा भाग मशीनवर शिवला जाऊ लागला. पण सोलचं काय? सोल जोडताना बुटाला आकार आलेला असतो, आणि टाका बुटाच्या आतून घालावा लागतो. सपाट टेबलाचं मशीन इथे निरुपयोगी. लायमन ब्लेक यांनी यावर तोड काढली: बुटाच्या आत शिरणारा पोकळ बाहू असलेलं मशीन. पेटंट १८५८ चं. गॉर्डन मॅके यांनी ते हक्क विकत घेतले आणि मशीन सुधारून बाजारात आणलं. १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, सैन्याला बूट हवे होते, आणि मशीनला गिऱ्हाईक मिळालं.

इथपर्यंतची गोष्ट तंत्रज्ञानाच्या कुठल्याही इतिहासात सापडेल. आता खरा मुद्दा. मॅके यांनी मशीन कारखानदारांना विकण्याऐवजी भाड्याने दिलं आणि शिवलेल्या प्रत्येक जोडीमागे पैसे घेतले. लहान कारखानदाराला हे सोयीचंच होतं. मोठं भांडवल न घालता मशीन दारात येत होतं.

१८९९ मध्ये बूट-मशीन बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी कंपनी स्थापन झाली. भाड्याची पद्धत तिनेही चालू ठेवली, फक्त करारातली कलमं वाढली. आमचं हे मशीन हवं, तर बुटाची अमुक दुसरी कामंही आमच्याच मशीनवर करा. काही माल आमच्याकडूनच घ्या. अशी कलमं सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये बेकायदा ठरवली. तरी दहा-दहा वर्षांचे करार राहिले. दुरुस्तीचे वेगळे पैसे नसत, ती भाड्यातच धरलेली. त्यामुळे स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांचा धंदा उभा राहणं कठीण. मशीन परत करून प्रतिस्पर्ध्याचं घ्यायचं म्हटलं, तर त्याचा खर्च वेगळा. १९५३ मध्ये न्यायाधीश चार्ल्स वायझान्स्की यांनी कंपनीविरुद्ध निकाल दिला, तेव्हा बूट-मशीनच्या बाजाराचा ७५ टक्क्यांहून अधिक हिस्सा तिच्याकडे होता. कंपनीचे तुकडे करायला त्यांनी नकार दिला. पण भाड्याने दिली जाणारी मशीन विकतही द्या, करारांची मुदत कमी करा आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे लावा, असा आदेश दिला.

म्हणजे आत शिरणं स्वस्त, बाहेर पडणं महाग. मग "कारखानदाराने हे मशीन का निवडलं?" या प्रश्नात आपण एक गृहीतक गुपचूप आत आणलेलं असतं, की त्याच्यापुढे पर्याय होते. प्रश्न असा बदलून बघा: "त्याच्यापुढे कोणते पर्याय होते, आणि निवड बदलायची किंमत कोण ठरवत होतं?" प्रश्न बदलला की साधनंही बदलतात. मशीनचा कॅटलॉग आणि पेटंट पहिल्या प्रश्नाला पुरतात. दुसऱ्यासाठी भाडेकरार, हिशेबाच्या वह्या आणि न्यायालयातल्या साक्षी वाचाव्या लागतात. या खटल्यात वायझान्स्की यांनी कार्ल केसन या अर्थशास्त्रज्ञांना मदतीला घेतलं होतं. त्यांनी केलेलं विश्लेषण १९५६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. न्यायालयाचं दप्तर हे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचंही साधन असतं, हे विसरू नका.

आणि एक माणूस अजून आपल्या प्रश्नात आलेलाच नाही: प्रत्यक्ष मशीनवर बसणारा. लिनमध्ये बुटाचा वरचा भाग मुख्यतः बायका शिवायच्या, आधी घरी, हाताने. मशीन आलं तसं हे काम कारखान्याकडे सरकू लागलं. फेब्रुवारी १८६० मध्ये लिनच्या कामगारांचा मोठा संप झाला. त्यात बायकाही उतरल्या. पण घरी शिवणाऱ्या आणि कारखान्यात मशीन चालवणाऱ्या बायकांचं हित एकच नव्हतं, हे मेरी ब्ल्युएट या इतिहासकार बाईंनी दाखवून दिलं आहे. सगळ्यांना 'कामगार' या एका शब्दात कोंबलं असतं, तर हा फरक दिसलाच नसता.

उद्या तुम्ही धारावीतल्या चामड्याच्या कारखान्यांवर काम करायचं ठरवलंत, तर लिनचं उत्तर तिथे चिकटवू नका. तिथला भांडवलाचा, जातीचा, जागेच्या भाड्याचा हिशेब निराळा आहे. प्रश्न मात्र सोबत न्या. मशीन कोणाच्या मालकीचं आहे? बिघडलं तर कोण येतं, आणि तोवर मजुरी कोणाची बुडते? ते बदलायचं ठरवलं तर काय काय सोडावं लागेल?

आता तुमच्या आराखड्याकडे वळा. त्यात 'निवडलं', 'स्वीकारलं', 'वापरात आलं' अशी क्रियापदं असतीलच. प्रत्येकाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी कर्ता लिहा. जिथे कर्ता लिहिता येणार नाही, तिथून वाचनाला सुरुवात करा.