मुस्तफा : एका पडद्यावरची तिघांची झुंज

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरची पायरी चढलेल्या मुलांना 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हे नाव कदाचित चटकन आठवणार नाही. 'मुस्तफा' म्हटले की मात्र ओळख पटते. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेला हा नाण्यावर चालणारा मारधाडीचा खेळ भारतात त्याच्या चार नायकांपैकी एकाच्या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ नाव इंग्रजीत, कथा अमेरिकी चित्रकथेची, घडण जपानी आणि बारसे मात्र पार्लरमधल्या मुलांनी केलेले, असा हा प्रकार. इजिप्त आणि पाकिस्तानातही तो याच नावाने ओळखला गेला. एकाच वेळी तीन खेळाडूंनी एकमेकांच्या साथीने खेळायचा खेळ, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

चित्रकथेतून पडद्यावर

या खेळाचे मूळ मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कृष्णधवल चित्रकथामालेत आहे. तिची पहिली कथा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८७ पासून स्वतंत्र अंक निघू लागले. निसर्गाच्या महाप्रकोपामुळे मानवजात काही शतके भूगर्भात दडून राहते. ती पुन्हा वर येते तेव्हा पृथ्वीवर डायनासोरांचे राज्य असते, अशी या कथेची कल्पना. नायक जॅक टेनरेक हा जुन्या मोटारी दुरुस्त करणारा यंत्रज्ञ आहे. निसर्गाचा तोल राखला पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. हॅना डंडी ही त्याची सहकारी.

जुन्या कॅडिलॅक मोटारी आणि डायनासोर यांची ही जोडी लोकांना भावली. त्यावरून 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हे नाव रूढ झाले. याच नावाची कार्टून मालिका सप्टेंबर १९९३ पासून अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर दाखविण्यात आली. १३ भागांनंतर ती थांबली. खेळही त्याच वर्षीचा. मालिका विस्मृतीत गेली, खेळ मात्र उरला.

साथीच्या खेळांची परंपरा

अनेकांनी एकाच बाजूने लढण्याची कल्पना कॅपकॉमची नव्हे. अटारी गेम्सच्या 'गॉन्टलेट' या १९८५ च्या खेळात चार जणांना एकत्र उतरता येत असे आणि खेळ चालू असताना नाणे टाकून मध्येच सामील होता येत असे. १९८७ च्या 'डबल ड्रॅगन'ने दोन मित्रांनी रस्त्यावरच्या गुंडांशी दोन हात करण्याचा साचा घालून दिला. त्याच वर्षीचा कोनामीचा 'कॉन्ट्रा' पुढे स्वस्त कन्सोलांमुळे भारतातल्या घराघरांत पोहोचला.

या साच्याला लोकप्रिय कार्टूनची जोड देण्याचे श्रेय प्रामुख्याने कोनामीकडे जाते. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये निर्माण केलेली 'टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स' ही चित्रकथा १९८७ पासून कार्टूनच्या रूपाने अमेरिकेत गाजत होती. १९८९ मध्ये तिच्यावर आधारित चार खेळाडूंचे यंत्र आले. चार कासवे, चार दांडे आणि चार नाण्यांच्या खाचा, असे हे सरळ गणित होते. त्यानंतर कोनामीनेच 'द सिम्पसन्स' (१९९१) आणि सहा जणांपर्यंत खेळता येणारा 'एक्स-मेन' (१९९२) हे खेळ काढले. मुलांना ओळखीचा नायक मिळाला की नियम समजावून सांगावे लागत नाहीत, हे निर्मात्यांच्या ध्यानात आले होते. 'मुस्तफा' याच मालिकेतला.

खेळाची रीत

खेळाची कथा सव्विसाव्या शतकात घडते. डायनासोरांची चोरटी शिकार करणाऱ्या टोळीचा बीमोड करणे हे नायकांचे काम. एकूण आठ टप्पे असून प्रत्येकाच्या अखेरीस एक बलाढ्य म्होरक्या उभा असतो. शेवटी गाठ पडते ती डॉ. फेसेन्डेन या विकृत शास्त्रज्ञाशी. एका टप्प्यात नायक चक्क कॅडिलॅक मोटार चालवीत शत्रूंना उडवीत जातात.

निवडीसाठी चार पात्रे असतात. जॅक सर्व गुणांत समतोल, हॅना शस्त्रे व वस्तू हाताळण्यात निपुण, मेस हा धिप्पाड व ताकदवान, तर मुस्तफा कैरो सर्वांत चपळ. पिवळी टोपी घातलेला हा गडी धावत येऊन हवेत झेप घेत लाथ मारतो. नवख्या खेळाडूलाही ती लाथ सहज जमे. त्याच्या लोकप्रियतेचे कारण बहुधा याच चपळाईत आणि आपल्याकडे ओळखीच्या वाटणाऱ्या नावात असावे.

यंत्रावर एक दांडा आणि दोन बटणे पुरतात. एक मारण्याचे, दुसरे उडीचे. दोन्ही एकदम दाबली तर भोवतालचे शत्रू दूर फेकले जातात, पण त्या बदल्यात स्वतःची थोडी शक्ती खर्ची पडते. पिंपे व खोकी फोडली की खाद्यपदार्थ किंवा शस्त्रे बाहेर पडतात. बंदुकीतल्या गोळ्या मोजक्याच. डायनासोर हे येथे खरे शत्रू नव्हेत. शिकाऱ्यांनी डिवचलेले जनावर समोर येईल त्याच्यावर धावून जाते, मग तो नायक असो वा गुंड.

साथीचा कस लागे तो खाद्यपदार्थाच्या वेळी. पडद्यावर पदार्थ एकच, खाणारे तीन. ज्याची शक्ती संपत आली आहे त्याला तो द्यावा, हा शहाणपणा यंत्र सांगत नाही. तो खेळणाऱ्यांनीच ठरवायचा. स्वतःची पट्टी भरलेली असताना घास पळविणाऱ्याचा जोडीदार लवकर बाद होई आणि पुढचा म्होरक्या एकट्याला आवरत नसे. स्वार्थाची शिक्षा अशी मिनिटाभरात मिळत असल्याने अनोळखी मुलेही थोड्याच वेळात 'तू घे, मी याला अडवतो' या भाषेवर येत.

नाण्याचे अर्थकारण

हा जिव्हाळा पार्लरमालकाच्याही सोयीचा होता. एका यंत्राने तितक्याच जागेत आणि एकाच पडद्याच्या विजेवर तीन जणांकडून पैसे मिळत. प्रत्येकाची शक्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाचे नाणेही वेगळे. बाद झालेल्या खेळाडूसमोर उलटे आकडे सुरू होत आणि ते शून्यावर येण्याआधी नाणे टाकले तर खेळ तेथूनच पुढे चाले. जोडीदार अडचणीत असताना हात खिशाकडे जाई, हे वेगळे सांगायला नको. खेळ किती अवघड असावा, हेही यंत्राच्या आतल्या मांडणीतून मालकाला ठरविता येत असे.

हा धंदा गर्दीवर चालणारा. त्यामुळे तो मोठ्या शहरांत आणि जिल्ह्या-तालुक्याच्या बाजारपेठांतच बहरला. बीड तालुक्यातील पालीसारख्या खेड्याच्या आवाक्यातला तो नव्हता. पालकांच्या मनात पार्लरविषयी धास्ती असे. शाळा बुडेल, पैसे उडतील, संगत बिघडेल, ही त्यामागची कारणे. कायद्याचीही त्यावर नजर होती. व्हिडिओ गेमवर परवान्याचे बंधन घालणे योग्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला. महाराष्ट्रातही व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर करमणूक शुल्क आकारले जात असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर ती व्यवस्था बदलली.

नक्कल आणि जतन

या खेळाची गोष्ट येथे एका विचित्र वळणावर येते. 'मुस्तफा'ची घरगुती कन्सोलसाठीची अधिकृत आवृत्ती पुढील तीन दशकांत निघाली नाही. चित्रकथेचे हक्क एकाकडे, कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचे आणि खेळ कॅपकॉमचा, ही गुंतागुंत त्याचे कारण म्हणून सांगितली जाते. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या अशाच सात जुन्या खेळांचा संच काढला. 'फायनल फाइट', 'कॅप्टन कमांडो' आणि 'वॉरियर्स ऑफ फेट' त्यात होते, 'मुस्तफा' नव्हता.

नक्कल रोखण्यासाठी कंपनीने मूळ यंत्रपटावर सांकेतिक कुलपाची योजना केली होती. या कुलपाची किल्ली बॅटरीच्या आधारे जपली जाई. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाऊन यंत्रपट निकामी होई. चोरीपासून राखणारी ही तजवीज कालांतराने अस्सल प्रतींच्याच मुळावर आली.

खेळ तगला तो दुसऱ्या वाटेने. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये 'मेम' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रातील चिपा ज्या रीतीने काम करीत, त्याची हुबेहूब नक्कल ती संगणकावर करते. मूळ यंत्रातील माहितीची प्रत तिला पुरविली की खेळ जसाच्या तसा सुरू होतो. पार्लरना उतरती कळा लागली, तेव्हा 'मुस्तफा' या मार्गाने सायबर कॅफेत, घरच्या संगणकावर आणि पुढे मोबाइलवर आला. पार्लर जेथे कधीच पोहोचले नव्हते, अशा खेड्यांतही तो आता पोहोचू शकतो. आज्ञावली स्वतः बेकायदा नाही. खेळाची प्रत हक्कधारकाच्या परवानगीविना वाटणे मात्र स्वामित्वहक्काचा भंग ठरते.

म्हणजे विकत घ्यायची तयारी असूनही खेळ बाजारात मिळत नाही आणि जो मिळतो तो अधिकृत नाही. जुन्या चित्रपटांच्या रिळांची जी स्थिती झाली, तीच या खेळांच्या वाट्याला येऊ नये, असे अभ्यासक म्हणतात ते यामुळेच. निन्जा टर्टल्सचे नशीब याबाबतीत चांगले. कोनामीच्या १३ जुन्या खेळांचा अधिकृत संच २०२२ मध्ये निघाला. त्याच वर्षी सहा जणांपर्यंत खेळता येणारा 'श्रेडर्स रिव्हेंज' हा नवा खेळही आला. साथीच्या खेळाला आजही गिऱ्हाईक आहे, हे त्यावरून दिसले.

मोबाइलवरच्या 'मुस्तफा'त सारे काही तेच आहे. तीच पिवळी टोपी, तीच झेप, तेच आठ टप्पे. छोट्या पडद्यासमोर खेळणारा मात्र बहुधा एकटाच असतो. पिंपातून पडलेला घास कोणी उचलायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उरत नाही. ज्या खेळाची रचना तिघांसाठी झाली, त्याचे तंत्र जतन झाले. शेजारी उभे राहून दुसऱ्यासाठी नाणे टाकणारा सवंगडी मात्र कोणत्याही आज्ञावलीत साठविता येत नाही.