गाठ आणि पिशवी

बडनेऱ्याहून अमरावतीच्या डफरीन इस्पितळाकडे निघालेल्या बायांच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ हे शब्द किती सहज येतात. जणू काही दाढच काढली! गर्भाशयात गाठी झाल्या की गर्भाशयच काढावे, हा रिवाज जुना. गेल्या शतकाच्या आरंभी लंडनमध्येही तोच होता. व्हिक्टर बॉनी या शस्त्रवैद्याच्या पत्नीचे गर्भाशय अशाच गाठींपायी गेले. मूलबाळ झाले नाही. पुढे हा गृहस्थ हट्टाला पेटला. गाठी काढताना रक्त फार जाई, म्हणून रोहिण्या तेवढ्यापुरत्या दाबून धरणारा चिमटा त्याने तयार केला आणि गाठी वेचून पिशवी पुन्हा शिवू लागला. एकीच्या पिशवीतून त्याने 225 गाठी काढल्याची नोंद आहे!

आपले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळचे गोव्यातील शिरोड्याचे, त्याच विचाराचे. खाली उतरलेले गर्भाशय न काढता पट्टीने वर बांधण्याची रीत त्यांनी घालून दिली.

पॅरिसच्या जाक राविना यांची गोष्ट तर गमतीची. शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून त्यांनी गाठींच्या रोहिण्या आधीच बारीक कणांनी बुजवल्या. तो पुष्कळजणींना शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही! हे 1995 साली प्रसिद्ध झाले.

कधी पिशवी काढावीच लागते, हे खरे. पण या गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात, पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. तरी 2019 साली नीलम गोऱ्हे समितीसमोर बीडचे आकडे आले: 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. कारणे नाना, उपाय एकच. त्याच वर्षी तेथील खासगी इस्पितळांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा हुकूम निघाला.