शंभर सीसी आणि आठपदरी वारा

गुरुग्रामहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर हिरो होंडा चौक लागतो. हिरो आणि होंडा यांची फारकत होऊन दशक उलटले, २०११ मध्ये कंपनीचे नावही बदलले, पण चौकाचे नाव लोकांच्या तोंडी तेच राहिले. ते सार्थही आहे, कारण देशाला हलकी मोटरसायकल दिली ती मुख्यतः याच पट्ट्याने. थोडे पुढे धारूहेड्याच्या कारखान्यातून १९८५ मध्ये सीडी १०० बाहेर पडली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि १९९७ मध्ये खुद्द गुरुग्रामला दुसरा कारखाना उभा राहिला. पुढे मानेसरला होंडाने स्वतंत्र बस्तान बसवले, खेडकी दौल्याला सुझुकी आली. या सगळ्यांच्या दारावरून जाणारा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ८, आजचा ४८. २००८ मध्ये त्याचा दिल्ली-गुरुग्राम टप्पा द्रुतगती झाला. अशा महामार्गावर वाऱ्याने डगमगणारी छोटी मोटरसायकल पाहिली की आपण चालवणाऱ्याला अडाणी ठरवतो. माझ्या मते ती डगमग या पट्ट्यात, एकमेकांकडे न बघता घेतल्या गेलेल्या दोन निर्णयांतून आली आहे.

पहिला निर्णय वजनाचा. त्याआधीची राजदूत, येझदी, बुलेट ही अंगापिंडाने भारी वाहने होती. बुलेटचे वजन आजच्या स्प्लेंडरच्या साधारण दीडपट. १९८०च्या दशकात सरकारने दुचाकींसाठी परदेशी सहकार्याची दारे उघडली ती शंभर सीसीपर्यंतच्या इंजिनांना. तेलाचे दोन भडके नुकतेच सोसलेल्या देशात पेट्रोल वाचवणे हीच मोठी गरज होती, आणि ती या गाड्यांनी चोख भागवली. त्यासाठी गाडी बारीक, हलकी ठेवावी लागली. सुमारे ११२ किलो वजन, जेमतेम आठ अश्वशक्ती आणि ८० मिलिमीटर रुंदीचे टायर ही आजच्या स्प्लेंडरची अंगकाठी. गावातून मंडीला, घरून कारखान्याला, चाळीस-पन्नासच्या वेगाने जायला ती उत्तम. दुसरा निर्णय रस्त्याचा: पदर वाढले, सिग्नल गेले, उड्डाणपूल आले, वाहतूक वेगवान झाली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर ठरवली. म्हणजे कागदावर परवानगी मिळाली तो वेग या गाडीच्या ताकदीच्या जवळजवळ टोकाचा.

या वेगाला हवा काय करते ते नीट पाहायला हवे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ७० ने जाताना समोरून २० चा वारा आला तर रोध सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो. आठ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे तेवढी शिल्लक नसते, गाडी मागे पडते आणि मागचे ट्रक तिला ओलांडू लागतात. खरी परीक्षा इथेच सुरू होते. उन्हाळ्यात इथे पश्चिमेची लू, म्हणजे गरम वारा, वाहते आणि हा रस्ता नैर्ऋत्येला जातो. त्यामुळे मानेसरकडे निघालेल्याला ती पुढून, तिरकी उजवीकडून लागते. तोल राखण्यासाठी तो गाडी किंचित उजवीकडे कलती ठेवतो. उजवीकडून ट्रक येतो तेव्हा आधी त्याच्या तोंडापुढची दाबलेली हवा गाडीला डावीकडे लोटते. मग ट्रकची भिंत वारा अडवते. ज्याच्यावर रेलायचे तो वाराच नाहीसा होतो आणि कलती गाडी ट्रकच्याच दिशेने सरकते. शेपूट पुढे गेले की मागचे भोवरे आणि अडलेली लू एकदम अंगावर येतात. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते. गाडीवर ओझे असेल तर आणखी कठीण. दूधवाल्याचे कॅन निदान खाली, चाकालगत लटकतात. आता घरपोच जेवण पोचवणाऱ्यांच्या पाठीवर चौकोनी पेटी असते, तीही उंचावर, आणि आडव्या वाऱ्यात ती शिडाचे काम करते.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील की हात सैल ठेवा, गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग खाली घ्या, ट्रकपासून अंतर राखा, म्हणजे गाडी आपोआप सावरते. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, प्रत्येकाला तो शिकवलाच पाहिजे. पण तो सलग वाऱ्याला पुरतो. अंतर राखायला जागाच नसेल तर त्यातला निम्मा सल्ला निकामी होतो. दुसरा आक्षेप असा की माणसे वेगाने मरतात, वाऱ्याचा बाऊ कशाला? वेग मुख्य कारण आहे हे मान्य. मात्र वाऱ्याचा वाटा किती, हे कळायला मार्ग ठेवलेला नाही. केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालात हवामानाचे रकाने आहेत निरभ्र, पाऊस, धुके, गारा आणि इतर असे. वारा त्या ‘इतर’मध्येच बुडतो. २०२२ मध्ये देशातल्या १,६८,४९१ अपघाती मृत्यूंपैकी ७४,८९७ दुचाकीवरचे होते. त्यातले किती जण वाऱ्याच्या धक्क्याने सरकून चाकाखाली गेले याची मोजदाद नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: छोट्या गाड्यांना महामार्गावर येऊच देऊ नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, आणि गुरुग्राम जिल्ह्यातल्या सोहन्याहून २०२३ मध्ये खुला झालेला दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग, सगळीकडे दुचाकीला बंदीच आहे. जिथे दुसरा रस्ता आहे तिथे मला ती पटते. पुण्याला जाणाऱ्याला जुना घाटरस्ता उरतो. पण मानेसर-धारूहेड्याच्या पाळीला जाणाऱ्या कामगारासाठी जुना रस्ताच महामार्ग झाला आहे, आणि उड्डाणपुलापाशी तुटणाऱ्या सेवारस्त्याला पर्याय म्हणता येत नाही. मलेशियाने १९७०च्या दशकातच क्वालालंपूरच्या फेडरल हायवेलगत फक्त मोटरसायकलींसाठी वेगळी मार्गिका बांधली, कारण तिथेही रस्त्यावर छोट्या गाड्यांचाच भरणा होता. खेडकी दौला ते धारूहेडा या टप्प्यात तशी अखंड मार्गिका हवी, ट्रकच्या पदरापासून मोकळ्या पट्टीने दूर ठेवलेली. नुसती कठड्याची भिंत घालून भागणार नाही, कारण ट्रकची हवा कठड्यावरूनही येते. मधले अंतरच तिला विरवते.